तंत्रवेड्यांची बातमी आणि बातमीबाहेरचे गणित

एखाद्या छोट्या, जाणकार वर्तुळात रुजलेली गोष्ट मोठ्या वृत्तपत्राच्या पानावर आली की त्या वर्तुळाला प्रथम आनंद होतो आणि पाठोपाठ रुखरुख लागते. बातमीत नाव असते, छायाचित्र असते, कौतुकही असते; पण ज्या गुणासाठी त्या गोष्टीवर जीव जडलेला असतो, नेमका तोच बातमीतून निसटलेला असतो. ‘एक्सकेसीडी’ या अमेरिकी वेबकॉमिकच्या बाबतीत २००८ मध्ये हेच घडले. वरवर पाहता हा हौशी मंडळींचा रुसवा. परंतु त्यामागील तक्रार किती गंभीर असू शकते, याचे भान यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगी या गावात २०२१ मध्ये घडलेल्या दुर्घटनेने आणून दिले. एकीकडे विनोदी चित्रमाला आणि दुसरीकडे एका तरुणाचा मृत्यू, यांना जोडणारा धागा एकच आहे. तंत्रज्ञानाच्या नादी लागलेल्या माणसाचे वेड प्रसारमाध्यमांना सहज दिसते. त्या वेडामागची रीत मात्र क्वचितच दिसते.

काड्यांची माणसे, जगभरचे वाचक

‘एक्सकेसीडी’चा जनक रँडल मन्रो हा भौतिकशास्त्राचा पदवीधर. अमेरिकेच्या ‘नासा’ या अंतराळ संस्थेच्या व्हर्जिनियातील लँग्ली संशोधन केंद्रात तो यंत्रमानवांशी संबंधित काम करीत असे. वह्यांच्या समासात काढलेली चित्रे २००५ मध्ये त्याने इंटरनेटवर टाकली आणि पाहता पाहता तोच त्याचा व्यवसाय झाला. चित्रे कसली, तर काडीसारखे हातपाय आणि नाक-डोळे नसलेला वाटोळा चेहरा. रंग नाहीत, ठरलेली पात्रे नाहीत. विषय मात्र गणित, संगणकाच्या आज्ञावली, अवकाश, भाषा आणि अबोल प्रेम. माऊसचा बाण चित्रावर नेला की आणखी एक ओळ उमटते आणि बरेचदा खरा विनोद तिच्यातच दडलेला असतो.

मराठी वाचकाला ‘चिंटू’ परिचित आहे. १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये प्रसिद्ध होऊ लागलेली चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही चित्रमाला आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांना कळत असे. छापील दैनिकाला असेच कॉमिक परवडते. कारण ते घरातील प्रत्येकाच्या हाती पडते. वेबकॉमिकचे गणित याच्या उलट आहे. त्याला गावातील सर्वांची गरज नसते. गावागणिक दहा-वीस माणसांना कळले आणि अशी गावे जगभर असली, की लाखोंचा वाचकवर्ग उभा राहतो. या विखुरलेल्या, विज्ञान-तंत्रज्ञानात रमणाऱ्या आणि चारचौघांत काहीशा एकट्या पडणाऱ्या मंडळींना इंग्रजीत ‘गीक’ म्हणतात. मुळात हा शब्द हिणवण्याचा. या पिढीने तो बिरुदासारखा मिरवला.

मथळ्यात काय मावले?

‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २६ मे २००८ रोजी या कॉमिकवर लेख छापला. ‘युनिक्स’ ही संगणकप्रणाली ठाऊक असेल तरच हे विनोदी वाटेल, अशा आशयाचा त्याचा मथळा होता. लेखाचा सूर कौतुकाचा होता. मथळा चटकदार होता, पण अपुराही होता. मन्रोने स्वतः आपल्या कॉमिकची ओळख करून देताना चार विषय सांगितले आहेत : प्रणय, उपरोध, गणित आणि भाषा. मथळ्यात त्यांपैकी एकही नाही. जो वाचक युनिक्सविषयी अवाक्षरही न जाणता एखाद्या चित्रातील विरहाने हळवा झाला असेल, त्याला या मथळ्याने दारातच परका ठरवले.

अशा लेखांतून चाहत्यांच्या करामतींनाही हमखास जागा मिळते, कारण त्या रंजक असतात. मन्रोच्या एका चित्रात काही आकडे आणि २३ सप्टेंबर २००७ ही तारीख होती. ते अक्षांश-रेखांश मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथील एका उद्यानाचे निघाले आणि त्या दिवशी शेकडो वाचक तेथे येऊन थडकले. मुक्त संगणकप्रणालीचे पुरस्कर्ते रिचर्ड स्टॉलमन यांना एका चित्रात तलवारबाजी करताना दाखवले होते. चाहत्यांनी पुढे त्यांना खरोखरच जपानी तलवार भेट दिली. अशा गोष्टी छापल्या की वाचकाचे मनोरंजन होते आणि ‘ही मंडळी जरा विक्षिप्तच’ असे त्याचे मतही पक्के होते.

तक्रार नेमकी कशाची?

अशा प्रसिद्धीनंतर चाहत्यांतून उमटणारे सूर साधारणपणे तीन असतात. पहिला अभिमानाचा : आपली आवडती गोष्ट अखेर मोठ्या दैनिकाने दखल घेण्याजोगी ठरली. दुसरा मालकीहक्काचा : आता कोणीही सोम्यागोम्या येईल आणि आपल्या अड्ड्यावर गर्दी होईल. तिसरा सूर विचार करण्याजोगा असतो : बातमीत आमचे हावभाव आले, आम्ही काय म्हणतो ते आले नाही.

हा फरक समजून घेण्यासाठी मन्रोचे २००७ मधील एक गाजलेले चित्र पाहता येईल. शाळेतून एका आईला दूरध्वनी येतो. तिने मुलाचे नाव असे चमत्कारिक ठेवलेले असते, की ते संगणकात भरताच शाळेच्या नोंदवहीतील विद्यार्थ्यांची सारी माहिती पुसली जाते. कारण त्या नावाच्या पोटात माहिती पुसण्याची आज्ञा दडलेली असते. बातमीत हा विनोद ‘विचित्र नावाचा मुलगा’ एवढाच उरेल. जाणकाराला मात्र त्यात धडा दिसतो. बाहेरून आलेला मजकूर तपासल्यावाचून संगणकाच्या हवाली केला, तर तो मजकूर न राहता हुकूम बनू शकतो. संकेतस्थळांवरील माहिती चोरण्याचा हा जुना आणि सर्रास वापरला जाणारा मार्ग आहे. तो समजावताना आजही कित्येक आज्ञावलीकार त्या मुलाचेच नाव घेतात. म्हणजे ज्याला बाहेरचा माणूस थट्टा समजतो, ती आतल्या माणसासाठी सावधगिरीची सूचना असते.

मन्रोने २०१२ मध्ये सुरू केलेल्या आणि २०१४ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या ‘व्हॉट इफ?’ या प्रश्नोत्तरांत ही वृत्ती अधिक स्पष्ट दिसते. चेंडू प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास वेगाने फेकला तर काय होईल, यांसारखे वाह्यात प्रश्न वाचक विचारतात आणि तो त्यांची उत्तरे भौतिकशास्त्राच्या नियमांनी, आकडेमोड करून देतो. बहुतेक उत्तरांचा शेवट स्फोटात किंवा सर्वनाशात होतो. यातील काहीही घरी करून पाहू नये, असा इशाराही तो देतो. प्रश्न कितीही वेडा असो, तो आधी कागदावर सोडवायचा. आकड्यांनी ‘नाही’ म्हटले तर हात आवरायचा. या मंडळींच्या करमणुकीचा गाभा हाच. वृत्तपत्रांच्या रंजक लेखांतून तो गळतो आणि उरतात तलवारी, उद्याने आणि विक्षिप्तपणा.

फुलसावंगीचे हेलिकॉप्टर

महागाव तालुक्यातील फुलसावंगी येथील २४ वर्षांच्या एका तरुणाने आठवीनंतर शाळा सोडली होती. वेल्डिंगच्या कामात त्याचा हात चांगला बसला होता. कपाटे, कुलर अशा वस्तू तो बनवत असे. ‘थ्री इडियट्स’ हा २००९ चा चित्रपट पाहून त्याला काही वेगळे घडवण्याची उमेद मिळाली. इंटरनेटवरील चित्रफिती पाहून, सुटे भाग जमवून, मारुती ८०० मोटारीचे इंजिन वापरून सुमारे दोन वर्षांच्या खटपटीने त्याने एक आसनी हेलिकॉप्टर उभे केले. २०२१ च्या स्वातंत्र्यदिनी ते लोकांसमोर आणण्याचा त्याचा मानस होता. त्याच्या काही दिवस आधी, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, रात्रीच्या वेळी चाचणी घेताना मागचा पंखा तुटला, तो मुख्य पंख्यावर आदळला आणि मुख्य पंख्याचा आघात आत बसलेल्या त्या तरुणाच्या डोक्यावर झाला. त्यात त्याचा मृत्यू झाला.

दुर्घटनेची चित्रफीत काही तासांत देशभर फिरली. मराठी, हिंदी, इंग्रजी वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी बातमी दिली. बहुतेकांना एकच उपमा सुचली : ‘रँचो’. चित्रपटातील नायकाचे हे नाव वाचकाला क्षणात कळणारे होते. जिद्द, गरिबी, स्वप्न आणि शोकान्त हे सारे त्या एका शब्दात बसले. वाचक हळहळले, ज्यांना हळहळ जमली नाही त्यांनी अघोरी धाडस म्हणून नाके मुरडली.

तंत्र जाणणाऱ्याच्या मनात मात्र वेगळे प्रश्न आले असतील. पंखा प्रथमच पूर्ण वेगाने फिरवताना माणूस आत का असावा? मागच्या पंख्याचा जोड कोणत्या पद्धतीने तपासला होता? तोल कसा साधला होता? हे प्रश्न विचारणे म्हणजे मृताचा दोष काढणे नव्हे. पुढचा तरुण वाचावा, यासाठी त्यांची उत्तरे हवी असतात. पण बातमीत त्यांना फारशी जागा नव्हती.

कागदावर पंखा फिरवून पाहिला तर

हेलिकॉप्टरचा मुख्य पंखा एका दिशेने फिरतो तेव्हा यंत्राचे धड उलट दिशेने फिरू पाहते. ते थोपवण्यासाठी शेपटीवर छोटा पंखा असतो. तो शोभेचा नसतो. तो निकामी झाला तर सारे यंत्र भोवंडते आणि तुटून उडाला तर त्याचे तुकडे कोठेही जाऊ शकतात.

मुख्य पंख्यावर किती ताण येतो, याचा अंदाज मन्रोच्या पद्धतीने कागदावर घेता येतो. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. ती फुलसावंगीच्या यंत्राची मापे नव्हेत. समजा, एका पात्याचे वजन ५ किलो आहे, त्याचा गुरुत्वमध्य आसापासून १ मीटरवर आहे आणि पंखा मिनिटाला ४५० फेरे घेत आहे. अशा वेळी ते पाते मुळाशी सुमारे ११ हजार न्यूटन बलाने बाहेर ओढले जाते. ११०० किलोपेक्षा अधिक वजन त्या जोडाला टांगल्यासारखेच हे झाले. वेग दुप्पट केला तर हे बल दुप्पट नव्हे, चौपट होते. म्हणजे जवळपास साडेचार टन.

तोलाचा प्रश्न याहून नाजूक आहे. समोरासमोरच्या दोन पात्यांच्या वजनात केवळ ५० ग्रॅमचा फरक राहिला, तरी याच वेगाला सुमारे ११ किलोचा जोर आसाभोवती सेकंदाला साडेसात वेळा गरगरत राहतो. तो जोडांना हलवतो, नटबोल्ट सैल करतो आणि धातूत केसाएवढ्या भेगा पाडतो. कपाटाच्या किंवा कुलरच्या सांगाड्यावरील वेल्डिंगला बहुतांशी स्थिर भार पेलायचा असतो. तेथे वर्षानुवर्षे टिकणारा जोड फिरत्या पंख्यावर काही मिनिटांत दगा देऊ शकतो, कारण तेथे भार क्षणोक्षणी दिशा बदलतो. कारागिराचा हात कितीही सरस असला, तरी हा फरक नजरेला दिसत नाही. तो मोजावा लागतो.

म्हणूनच अशा पंख्याची पहिली चाचणी माणसाविना घेतली जाते. यंत्र जमिनीला जखडून ठेवतात, इंजिनाचा वेग दुरून नियंत्रित करतात, पंख्याच्या पातळीत कोणालाही उभे राहू देत नाहीत आणि वेग टप्प्याटप्प्याने वाढवून प्रत्येक टप्प्यानंतर जोड तपासतात. वर्तुळाकार गतीचे हे गणित बारावीच्या भौतिकशास्त्रात भेटते. आठवीत शाळा सुटलेल्याला ते भेटले नाही. इंटरनेटने त्याला हेलिकॉप्टर कसे दिसते हे दाखवले. कोणत्या प्रश्नापाशी थांबावे, हे सांगणारा कोणी त्याच्या शेजारी नव्हता.

पडद्यावरचा रँचो आणि पडद्यामागचे संशोधक

‘थ्री इडियट्स’मध्ये दाखवलेली काही यंत्रे खऱ्या माणसांनी बनवलेली होती. स्कूटरवर चालणारी पिठाची गिरणी महाराष्ट्रातील जहांगीर पेंटर यांची, पायडलवर चालणारे कपडे धुण्याचे यंत्र केरळच्या रेम्या जोस यांचे आणि सायकलच्या साहाय्याने घोड्याचे केस कापण्याचे यंत्र उत्तर प्रदेशातील मोहम्मद इद्रिस यांचे. या संशोधकांमागे अनिल गुप्ता यांच्या प्रयत्नांतून उभे राहिलेले ‘हनी बी नेटवर्क’ आणि २००० मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान होते. गावोगावच्या कल्पक कारागिरांना शोधायचे, त्यांच्या यंत्रांची नोंद ठेवायची, तज्ज्ञांशी त्यांची गाठ घालून द्यायची, असे हे काम.

पडद्यावर मात्र ही सारी यंत्रे एका बुद्धिमान नायकाच्या छायेत गेली. चित्रपटाची ती गरजच होती. जाळे पडद्यावर दिसत नाही, नायक दिसतो. परिणाम असा झाला, की गावातील तरुणापर्यंत नायक पोहोचला आणि जाळे पोहोचले नाही. वृत्तपत्रांनी दुर्घटनेनंतर पुन्हा ‘रँचो’ हाच शब्द वापरला तेव्हा ती प्रतिमा आणखी घट्ट झाली. एकट्याने, गुपचूप, सर्वांना थक्क करण्यासाठी यंत्र बनवणारा वीर हीच तंत्रप्रेमाची ओळख ठरली.

वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. अमेरिकेत घरी विमाने बनवणाऱ्यांची संघटना पॉल पोबेरेझनी यांनी १९५३ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात स्थापन केली. तिचे अनुभवी स्वयंसेवक नवख्यांच्या कार्यशाळेत जाऊन विमान पूर्ण होण्यापूर्वीच त्याची पाहणी करतात आणि चुका दाखवतात. महाराष्ट्रात अमोल यादव या वैमानिकाने मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागातील इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. आधीचे प्रयत्न फसल्यावर त्यांनी चिकाटी सोडली नव्हती. ते विमान २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले गेले, २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे त्याची नोंदणी झाली आणि उड्डाणाची परवानगी मिळायला २०१९ उजाडले. हा विलंब जीव मेटाकुटीला आणणारा होता, हे खरे. नियम सुटसुटीत असायला हवेत, ही तक्रारही रास्त आहे. परंतु यादव व्यावसायिक वैमानिक होते, मुंबईत होते, कोणाचे दार ठोठावायचे ते त्यांना ठाऊक होते. फुलसावंगीच्या वेल्डरसाठी असे दार कोठे आहे, हा खरा प्रश्न आहे आणि तो ‘रँचो’ या शब्दामागे झाकला गेला.

चाहत्यांचीही जबाबदारी

सारा दोष वृत्तपत्रांवर टाकणे अन्यायाचे होईल. वार्ताहर अभियंता नसतो. बातमी त्याच रात्री द्यायची असते आणि ती सर्वांना कळावी लागते. ओळखीची उपमा न वापरता अनोळखी गोष्ट चार ओळींत सांगणे सोपे नाही. दुसरीकडे, जाणकारांचे वर्तुळही अनेकदा स्वतःभोवती कुंपण घालते. बातमीतील चुकांवर हसणे, नवख्याच्या प्रश्नाची टर उडवणे, आपली भाषा न समजणाऱ्याला अडाणी ठरवणे हे या वर्तुळाचे जुने दुर्गुण आहेत.

त्यावर मन्रोनेच २०१२ मधील एका चित्रात उतारा दिला आहे. त्याचा हिशेब असा : अमेरिकेत दरवर्षी सुमारे ४० लाख मुले जन्माला येतात. ‘सर्वांना ठाऊक असलेली’ एखादी गोष्ट प्रत्येकाला तिशीपर्यंत कधीतरी पहिल्यांदा कळतेच. म्हणजे रोज सुमारे १० हजार माणसांना ती नव्याने कळत असते. तेव्हा अशा माणसाची थट्टा करण्यापेक्षा त्याला ती सांगण्याचा आनंद घ्यावा. हाच हिशेब भारताला लावला तर, येथे वर्षाला दोन कोटींहून अधिक मुले जन्माला येत असल्याने, रोजचा आकडा ५० हजारांच्या पुढे जातो. वेग दुप्पट केला की ताण चौपट होतो, हेही कोणाला तरी आज प्रथमच कळणार असते. ते कोणी सांगितले तर.

मराठी वृत्तपत्रांना ही परंपरा नवी नाही. जयंत नारळीकर यांच्यासारख्या शास्त्रज्ञाने खगोलशास्त्र मराठीतून सामान्य वाचकांपर्यंत पोहोचवले. १९६६ मध्ये स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद आजही हेच काम करीत आहे. अवघड विषय मराठी वाचकाला पेलवत नाही, ही समजूत या लेखनाने कधीच खोटी ठरवली आहे. तंत्रवेड्याची बातमी देताना त्याचे स्वप्न जरूर सांगावे, विनोद जरूर सांगावा; पण एक-दोन परिच्छेद रीतीसाठीही राखावेत. यंत्र कसे चालते, कोठे मोडते, चाचणी कशी घेतात आणि शंका असल्यास विचारायचे कोणाला, एवढे त्यात आले तरी पुरे.

वेबकॉमिकच्या बातमीत रीत राहून गेली तर फार तर चाहते खट्टू होतात. हेलिकॉप्टरच्या बातमीत ती राहून गेली, तर दुसऱ्या एखाद्या गावातील दुसरा तरुण पुन्हा त्याच आसनावर बसण्याचा धोका उरतो.